वाणीकार्ड

ऑक्टोबर २०४१च्या पहिल्या आठवड्यात इंगोल्यांचा संगणक दिवसातून तीन-तीनदा आपोआप बंद पडू लागला आणि दर वेळी विलासराव इंगोल्यांचं वाक्य अर्धवट राहू लागलं.

विलासराव पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना, २०३२च्या नोव्हेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ आणि ओठ मेंदूचं ऐकेनासे झाले. समज पूर्वीइतकीच तल्लख होती, पण वाचन-लेखन गेलं. अक्षरं डोळ्यांना दिसत, मात्र त्यांचे शब्द होत नसत. ते जे बोलत, ते ऐकणाऱ्याला नुसत्या गुणगुणण्यासारखं वाटे.

दोन महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून, त्यांच्या पलंगाशेजारी एक डेस्कटॉप आला. त्यात वाणीकार्ड होतं. विलासराव तोंडातून जे आवाज काढत, त्यांचं हे कार्ड वाक्य बनवी आणि स्पीकरमधून ते विलासरावांच्याच जुन्या आवाजात ऐकू येई. कार्डाचं चुकलं, तर दाबायला डाव्या हाताशी एक लाल बटण होतं. गेली पावणेनऊ वर्षं अमरावतीच्या त्या घरात नवरा-बायकोचं सगळं बोलणं या संगणकातून चाललं होतं. मुलगी मेलबर्नला होती. तिच्याशीही ते यातूनच बोलत.

आजाराआधी विलासराव जिभेचे फार तिखट होते. कार्यालयातले लोक त्यांच्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली आणत. आजारानंतर मात्र ते मऊ झाले. "दुखण्याने माणूस निवळला," असं नातेवाईक म्हणत आणि त्यांची बायको ज्योत्स्नाबाई त्यावर मान डोलावत.

राजापेठेत दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या तेजस्विनी ढोकेने हा संगणक बसवला होता. तीच तो पाहायला आली. तिने कॅबिनेटची बाजू उघडली, आत टॉर्च मारला.

"काकू, मदरबोर्ड गेलाय. हे बघा, कॅपॅसिटर फुगलेत. पॉवर सप्लायही बदलावा लागेल."

"मग सगळा नवाच घ्यावा का?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"सगळा कशाला? कॅबिनेट चांगलं आहे. पंखे नीट फिरतात. हार्ड डिस्कही ठीक आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय नवा टाकू. कार्ड मात्र हेच ठेवायचं. त्याला काकांच्या बोलण्याची सवय झालीय."

"त्यातलं सगळं नव्या कार्डात उतरवून नाही घेता येत?"

"नाही ना. फोटोसारखी त्याची प्रत निघत नाही."

पलंगावरून विलासरावांनी काही आवाज काढले. स्पीकर म्हणाला, "तेजस्विनी, तू करशील ते बरोबरच कर..." आणि पडदा काळा झाला.

तेजस्विनीने सांगितलं ते खरं होतं. साधा संगणक आठवण शून्य आणि एकच्या रूपात साठवतो. म्हणून तिची हुबेहूब प्रत काढता येते. वाणीकार्डात असे आकडे नसतात. त्यात कोट्यवधी सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीतून वीज गेली की तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. शेतातून माणसं रोज एकाच बाजूने चालली की तिथे पायवाट पडते, तसं हे आहे. एखादा आवाज आणि एखादा शब्द वारंवार एकत्र आले की त्यांच्यामधली वाट रुळते. हीच कार्डाची आठवण आणि हाच त्याचा विचार. पेशी मोजायला जावं तर मोजण्याच्या विजेनेच वाट थोडी मोडते. म्हणून नव्या संगणकात कार्डाची नक्कल जात नाही, कार्डच उचलून न्यावं लागतं.

पण कुठली वाट रुळू द्यायची, हे कार्डाला कळावं कसं? रोगी प्रत्येक वाक्यानंतर बटण दाबत बसणार नाही. म्हणून कार्ड बनवणाऱ्यांनी एक सोपा उपाय काढला होता. समोरच्याने सहज उत्तर दिलं, तर वाक्य बरोबर आलं असं कार्डाने धरायचं. समोरचा गप्प झाला किंवा "काय?" म्हणाला, तर ते चुकलं असं धरायचं. रुग्णालयात, जिथे दिवसाला वीस माणसं रोग्याशी बोलतात, तिथे हा उपाय चांगला चालला होता.

तेजस्विनी संगणक दुकानात घेऊन गेली. तीन दिवस लागतील, म्हणाली.

ते तीन दिवस ज्योत्स्नाबाईंना जड गेले. पहिल्या दिवशी जेवताना विलासराव एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बाईंनी पाणी दिलं. त्यांनी मान हलवली. उशी सरकवली, पंखा कमी केला, खिडकी लावली. प्रत्येक वेळी नकार. शेवटी विलासरावांनी डाव्या हाताने ताट दूर लोटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी आयुष्यभर सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत काम केलं होतं. सारख्या दिसणाऱ्या दोन दाण्यांतला फरक त्या नुसत्या नजरेने सांगत. पण छत्तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचा एक शब्दही त्यांना कळेना. कार्ड नव्हतं तेव्हा, आजाराच्या पहिल्या दोन महिन्यांत, थोडं तरी कळायचं. आता तेही जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेजस्विनीचा फोन आला.

"काकू, तुम्ही एकट्या दुकानात येऊ शकाल का? काकांजवळ कोणाला तरी बसवून या."

शेजारच्या बाईंना बसवून ज्योत्स्नाबाई राजापेठेत गेल्या. टेबलावर त्यांचं जुनं कॅबिनेट उघडं होतं. आत नवा हिरवा मदरबोर्ड होता आणि त्यावर जुनं कार्ड. शेजारच्या खाचेत आणखी एक कार्ड होतं.

"हे दुसरं काय?"

"नवं वाणीकार्ड. चाचणीपुरतं लावलंय. जुनं कार्ड हलवलं की ते बिघडलं नाही ना, हे तपासावं लागतं. काकांचे मूळ आवाज, कार्डाची वाक्यं आणि समोरच्याचं बोलणं हार्ड डिस्कवर साठवलेलं असतं. त्यातले काकांचे हजारभर आवाज दोन्ही कार्डांना ऐकवायचे आणि वाक्यं जुळतात का पाहायचं. शंभरात पाच-सहा जुळत नाहीत, एवढं चालतं."

"आणि इथे?"

"अडतीस."

ज्योत्स्नाबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे जुनं कार्ड बिघडलं?"

"मलाही तेच वाटलं. पण नाही. तेव्हा ते जे बोललं होतं, तेच आजही बोलतंय. त्याच्यात काही बिघाड नाही. मी सगळं ऐकलं नाही, काकू. तुमच्या घरातलं बोलणं आहे. दोन-चारच वाक्यं ऐकली आणि थांबले."

"ऐकव."

तिने एक फाईल उघडली. आधी विलासरावांचा अस्पष्ट आवाज आला. मग जुनं कार्ड म्हणालं, "भाजी चांगली झालीय." मग नवं कार्ड म्हणालं, "भाजी आळणी झालीय."

दुसरी. जुनं, "तुझी बहीण आली, बरं वाटलं." नवं, "तुझी बहीण आली, की डोकं उठतं."

ज्योत्स्नाबाईंना हसू आलं. बहिणीबद्दल विलासरावांचं लग्नापासून तेच मत होतं.

"पण नवं बरोबर कशावरून? कदाचित तेच चुकत असेल."

"नवं कार्ड वेगळ्या पद्धतीने शिकवलेलं आहे. चाळीस हजार रोग्यांना ठरलेली वाक्यं बोलायला लावली आणि त्यांचे आवाज घेतले. रोगी काय बोलतोय ते आधीच माहीत होतं. कोण काय उत्तर देतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तेही चुकतं, पण शंभरात चार-पाच वेळा."

"आणि जुनं कशाने चुकलं?"

तेजस्विनीने बोटाने टेबलावरचा स्क्रू इकडून तिकडे सरकवला. "काकू, त्याच्याशी पावणेनऊ वर्षं बहुतेक एकट्या तुम्हीच बोललात. तुम्ही कुठल्या वाक्याला लगेच उत्तर देता, कुठल्या वाक्याला गप्प होता, ते पाहत पाहत ते शिकलं. आवाज काकांचा होता. पण ते शिकलं तुम्हाला."

ज्योत्स्नाबाईंनी स्टूल टेबलाजवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तारखेने शोधता येतं का? १४ जून २०३६. संध्याकाळ."

ती तारीख त्यांच्या लक्षात असण्याचं कारण होतं. धारणीला मेळघाटातल्या देशी वाणांची बियाणे बँक उभी करायची होती आणि त्यासाठी दोन वर्षं तिथे राहण्याबद्दल त्यांना विचारलं होतं. हयातभर दुसऱ्यांनी पाठवलेले दाणे तपासणाऱ्या बाईला असं काम एकदाच मिळतं. माणूस ठेवून विलासरावांची सोय करता आली असती. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. उत्तर ऐकून दुसऱ्या दिवशी नकार कळवला होता. त्यानंतर पाच वर्षं, कंटाळा आला की त्या स्वतःला बजावत की या माणसाला आपल्याशिवाय एक दिवस निघत नाही.

फाईल सापडली. आधी ज्योत्स्नाबाईंचाच, पाच वर्षांपूर्वीचा आवाज. "अहो, धारणीचं काय करू? जाऊ का?" मग विलासरावांचे लांबलचक, गढूळ आवाज. मग जुन्या कार्डाचं वाक्य, जे त्यांना तोंडपाठ होतं. "तू जाऊ नकोस. मला जमणार नाही."

तेजस्विनीने तोच आवाज नव्या कार्डाला दिला.

"तू जा गं. थांबू नकोस. माझं जमेल."

फाईल अजून संपली नव्हती. लाल बटणाचा टक असा आवाज आला. विलासराव पुन्हा बोलले, या वेळी जोरात. जुनं कार्ड म्हणालं, "मला सोडून जाऊ नकोस." पुन्हा टक. आणि त्यावर ज्योत्स्नाबाई, काहीशा घाईने, "कळलं हो. कितीदा सांगाल? नाही जात." मग भांड्यांचा आवाज. मग विलासराव एकदा, हळू, काहीतरी म्हणाले. त्यावर कार्डाने काहीच वाक्य केलं नव्हतं.

"हे शेवटचं काय म्हणाले?"

तेजस्विनीने नवं कार्ड लावलं. "राहू दे," ते म्हणालं.

संगणक त्याच दुपारी घरी आला. दोन्ही कार्डं आत होती. पडद्यावरची एक खूण बदलली की एक बंद होऊन दुसरं सुरू होई. तेजस्विनीने ते कसं करायचं ते दाखवलं. नवं कार्ड सुरू ठेवलं आणि ती चहा न घेताच गेली.

ज्योत्स्नाबाई पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या.

"आज तुमचं जुनं बोलणं ऐकून आले," त्या म्हणाल्या. "धारणीच्या दिवसाचं."

विलासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते बोलले आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. "म्हणजे तुला कळलं."

"तुम्हाला माहीत होतं? हे यंत्र भलतंच बोलतंय ते?"

"मला कानाने ऐकू येतं, ज्योत्स्ना. पहिल्या वर्षापासून माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कशातून सांगणार? यातूनच ना?"

बाईंनी त्यांच्या डाव्या हाताशी असलेल्या लाल बटणाकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बटण होतं."

"होतं. पहिली तीन वर्षं दाबलं. दाबलं की तुझा चेहरा पडायचा. दिवसभराचं करून थकलेली असायचीस. एक वाक्य चार-चारदा ऐकायला तुझ्यात त्राण नसायचं."

"पण धारणीच्या वेळी तरी हट्ट धरायचात."

"दोनदा दाबलं. आणि तुलाही जायचं नव्हतं."

"हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"जायचं असतं, तर तू नीट ऐकलं असतंस."

ज्योत्स्नाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यापाशी काही काम नसताना उभ्या राहिल्या. नवऱ्याचं म्हणणं खोडून काढावं, असं त्यांना फार वाटत होतं. त्या संध्याकाळचं सगळं त्या आठवू लागल्या. धारणीला भाड्याची खोली, कडक उन्हाळा, छप्पन्नाव्या वर्षी नवी माणसं, आणि अपयश आलं तर काय. या सगळ्याची त्यांना तेव्हा भीती वाटली होती हे खरं होतं. "जमणार नाही" हे ऐकल्यावर आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं होतं. मात्र ते सुटल्यासारखं वाटणं त्यांनी स्वतःपाशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. त्याऐवजी पाच वर्षं त्या एका त्यागाच्या आधारावर राहिल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा विलासराव म्हणाले, "एक सांगू? जुनं कार्डच ठेव."

"का?"

"तो माझ्यापेक्षा बरा बोलतो. तो आल्यापासून घरात भांडण नाही. लोक भेटायला येतात. पूर्वी कोण यायचं माझ्याकडे?"

"लोक त्याच्याकडे यायचे. तुमच्याकडे नाही."

"मी पण त्याचंच ऐकत बसायचो. सवय झाली."

ज्योत्स्नाबाईंनी नवंच कार्ड ठेवलं. पुढचा पंधरवडा चांगला गेला नाही. विलासरावांच्या मनात साठलेलं सगळं बाहेर येऊ लागलं. चहा थंड. चादर चुरगळलेली. मालिश चुकीची. मुलीने मेलबर्नहून फोन केला, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, की तिच्या नवऱ्याची नोकरी बदलण्याची पद्धत मूर्खपणाची आहे. मुलीने आईला वेगळा फोन करून विचारलं, बाबांना पुन्हा झटका तर नाही ना आला? बाईंनी तिला खरी गोष्ट सांगितली. मुलगी म्हणाली, "म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळी जे बोलले, तेही?" बाईंना ते माहीत नव्हतं. फाईल शोधायला लावू का, असं त्यांनी विचारलं. मुलगी नको म्हणाली.

एका दुपारी, आंघोळीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झाल्यावर, ज्योत्स्नाबाईंनी पडद्यावरची खूण बदलली. जुनं कार्ड सुरू झालं. विलासराव काहीतरी बोलले.

"दमलीस ना?" स्पीकर म्हणाला. "बस जरा माझ्याजवळ."

बाई खुर्चीत बसल्या. इतक्या दिवसांनी तो सूर ऐकून त्यांचे खांदे सैल पडले. मग त्यांनी वर पाहिलं. विलासरावांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"तुम्ही हे म्हणालात?"

त्यांनी मान नकारार्थी हलवली.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

त्या त्यांच्या तोंडाजवळ वाकल्या. विलासरावांनी पुन्हा तेच आवाज काढले. जिभेचा तो जडपणा, ओठांच्या कोपऱ्यातून निसटणारी हवा. बाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. सहाव्या वेळी त्यातला एक शब्द लागला, "टॉवेल". बाकीचं त्यावरून आलं. ओला टॉवेल पाठीखाली राहिला होता आणि ते सहाही वेळा तेच सांगत होते.

त्यांनी टॉवेल काढला. दुसऱ्या दिवशी तेजस्विनीला बोलावून जुनं कार्ड काढून टाकायला सांगितलं. तिने जाताना विचारलं, हे ठेवू का दुकानात? वीज नसली की वर्षभरात त्यातल्या वाटा आपोआप पुसट होतात, म्हणाली. विलासराव म्हणाले, "पुसू दे."

हिवाळ्यात ज्योत्स्नाबाईंनी धारणीला पत्र पाठवलं. बियाणे बँक त्यांच्याशिवायच उभी राहिली होती आणि चांगली चालली होती. मात्र उगवणशक्तीची तपासणी गावातल्या बायकांना शिकवायला कोणीतरी जुनं, अनुभवी माणूस त्यांना हवंच होतं. पंधरा दिवसांसाठी या, असं उत्तर आलं. या वेळी त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. जाणार आहे, एवढं सांगितलं. विलासराव म्हणाले, "पाच वर्षं उशीर झाला." मग म्हणाले, "जा."

पूर्वी रुग्णालयात काम केलेले सोपान गवई नावाचे पन्नाशीचे गृहस्थ घरी राहायला आले. ज्योत्स्नाबाई बसने गेल्या. पहिले दोन दिवस त्यांना फार परकं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओल्या कागदाच्या घडीत कुटकीचे शंभर दाणे ओळीने मांडून दाखवले. ते पाहून एक कोरकू बाई म्हणाली, की तुमचे हात आमच्या हातांपेक्षा सावकाश चालतात, पण चुकत नाहीत. त्यानंतर दिवस कसे जातात ते कळेना.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी घरी फोन लावला.

"सोपान जेवण वेळेवर देतात का?"

"देतात," विलासराव म्हणाले. "वरण तुझ्यापेक्षा चांगलं करतात."

ज्योत्स्नाबाई काही क्षण गप्प राहिल्या. अंगणात बायका दाणे निवडत होत्या.

"काय घालतात त्यात?" त्यांनी विचारलं.

"थांब, विचारतो."

फोनवर विलासरावांनी हाक मारली. आधी त्यांचा स्वतःचा जड, विस्कटलेला आवाज आला, मग स्पीकरचा. स्पीकर "सोपान" म्हणेपर्यंत ज्योत्स्नाबाईंना तो शब्द कळून गेला होता.